कॉर्न स्नेकचा मॉर्फ ओळखताना नाव सर्वांत शेवटी घ्या

मॉर्फ म्हणजे पाळीव सापातला रंग-नक्षीचा प्रकार. सांगली, मिरज, कराड, साताऱ्याकडून कॉर्न स्नेकचे फोटो येत असतात आणि खाली एकच ओळ असते: "दादा, स्नो आहे ना हा?" फोटो ट्यूबलाइटखाली काढलेला, मागे लाल चादर, आणि पिल्लू कात टाकायच्या बेतात. एवढ्यावर तो स्नो (काळा आणि लाल दोन्ही नसलेला मॉर्फ) आहे की साधा अमेल (फक्त काळा नसलेला), हे कुणालाच सांगता येणार नाही. बहुतेकांचे घोडे एकाच ठिकाणी अडते. नाव आधीच मनात ठरलेले असते आणि मग सापाच्या अंगावर त्याच्या खुणा शोधल्या जातात. क्रम उलटा ठेवा. डोळा, काळा रंग, लाल रंग, पिवळा रंग, नक्षी आणि पोट या गोष्टी आधी वहीत उतरवा. नाव म्हणजे त्यांची बेरीज, ती शेवटी करायची.

टप्पा १: हा कॉर्न स्नेकच आहे का?

पायरी विनोदी वाटेल, पण पहिली गफलत इथेच होते. कॉर्न स्नेक, म्हणजे पँथेरोफिस गुटाटस, हा अमेरिकेच्या आग्नेय भागातला बिनविषारी साप. आपल्याकडे तो रानात सापडत नाही. त्यामुळे "शेतात सापडला, कॉर्न स्नेकसारखा दिसतो" असे कुणी म्हणाले की तो कॉर्न स्नेक नाही, हे तिथेच ठरले.

आपल्या भागात सर्वांत जास्त घोळ तस्कराचा होतो. तस्कराच्या मानेवर दोन गडद रेघा असतात, अंगाच्या पुढच्या भागावर पांढरे ठिपके असलेले आडवे पट्टे असतात, आणि मागच्या भागात नक्षी पुसट होत शेपटीकडे लांब पट्टे उरतात. कॉर्न स्नेकच्या पाठीवर मानेपासून शेपटीपर्यंत मोठे डाग एकामागे एक असतात. साप पाळणारे लोक या डागांना सॅडल म्हणतात. डोक्यावर भाल्याच्या टोकासारखी खूण असते आणि पोटावर काळ्या-पांढऱ्या चौकटी. दुसरा घोळ डुरक्या घोणशीचा. अंग जाड, शेपूट आखूड, खवले खरखरीत. ती बिनविषारी आहे, पण तीही कॉर्न स्नेक नव्हे.

सावधान: पाठीवर साखळीसारखे लंबगोल डाग, त्रिकोणी डोके आणि जाड अंग दिसले तर ती खरी घोणस असू शकते. मॉर्फ ओळखायच्या नादात हात लावू नका. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

दुसरी गोष्ट कायद्याची. आपल्या मातीतला कुठलाही साप घरात ठेवणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली गुन्हा ठरू शकते. रंगहीन पांढरा धामण किंवा नाग "परदेशी मॉर्फ" म्हणून कुणी दाखवला तर लांब राहा. परदेशी सापाच्या बाबतीतही तो कुठून आला, याचा कागद विक्रेत्याकडे मागा. कागद नाही म्हणाला, तर मॉर्फची चर्चा तिथेच थांबवलेली बरी.

टप्पा २: तयारी

सामान थोडेच लागते: झाकणाला हवेची भोके असलेला स्वच्छ, पारदर्शक प्लास्टिकचा डबा, दोन कोरे पांढरे कागद, लहान टॉर्च आणि वही. मोबाइल लागतोच, पण त्यातले फिल्टर आणि रंग खुलवणारी सगळी सेटिंग्ज बंद करा.

वेळ महत्त्वाची. कात टाकण्याआधी डोळे निळसर-धुरकट होतात आणि अंगावर राखेचा हात फिरवल्यासारखा रंग मळतो. त्या दिवसांत लाल तपकिरी दिसतो, पिवळा गायब होतो आणि हायपोसुद्धा (काळा कमी असलेला मॉर्फ) नॉर्मल, म्हणजे मूळ रंगाचा, वाटतो. कात पडू द्या, दोन-तीन दिवस थांबा, मग बघा. जेवण दिले असेल तर किमान ४८ तास साप हातात घेऊ नका. घेतलात तर खाल्लेले उलटून टाकेल. नुकत्याच बाहेर आलेल्या पिल्लाला पहिली कात पडेपर्यंत छेडू नये.

उजेड दिवसाचाच हवा, पण सावलीतला. सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान उत्तरेकडच्या खिडकीजवळ किंवा पडवीत बसा. उघड्या उन्हात डबा ठेवला तर एप्रिल-मेच्या सांगलीत काही मिनिटांत साप मरणाच्या दारात जातो. त्याला साधारण २६ ते ३० अंश पुरे. पिवळा बल्ब प्रत्येक सापाला कॅरॅमल (पिवळा वर आलेला मॉर्फ) करतो आणि निळसर ट्यूबलाइट प्रत्येक सापाला अनेरी (लाल नसलेला राखाडी मॉर्फ) करते. पावसाळ्यात साताऱ्याकडे आभाळ दिवसभर भरलेले असेल तर रंगाचा निर्णय त्या दिवशी घेऊ नका. नक्षी तेवढी बघून घ्या.

फोटो काढताना पांढऱ्या कागदाचा एक कोपरा चौकटीत येऊ द्या. कागद पिवळा किंवा निळा आला तर रंग खोटे आहेत, हे बघणाऱ्याला कळते. पाच फोटो लागतात: वरून पूर्ण अंग, एका बाजूने कूस, डोके, डोळा जवळून, आणि पोट.

पोटासाठी सापाला उलटा करून दाबू नका. तो डब्यात शांत बसला की डबा डोळ्यांच्या वर उचला आणि तळातून पाहा. खवल्यांची सगळी ओळ स्वच्छ दिसते, आणि सापही बिचकत नाही.

तपासणी: कात पडून दोन-तीन दिवस झाले आहेत, उजेड दिवसाचा आहे, कागद फोटोत पांढराच दिसतो आहे. तिन्ही जमले असेल तरच पुढे जा.

टप्पा ३: डोळा आणि काळा रंग

पहिला प्रश्न असा: अंगावर कुठेही खरा काळा आहे का? सॅडलची कड आणि पोटाच्या चौकटी बघा. काळा रंग मेलॅनिनमुळे येतो. मेलॅनिन पूर्ण बंद असले की त्याला अमेलॅनिस्टिक, थोडक्यात अमेल म्हणतात. अमेलच्या सॅडलची कड पांढरी असते किंवा नसतेच, पोटावरच्या काळ्या चौकटींच्या जागी केशरी किंवा फिकट चौकटी येतात, आणि डोळ्याची बाहुली लाल-गुलाबी दिसते.

डोळ्याची खात्री टॉर्चने करा. उजेड तिरका, बाजूने, दोन-तीन सेकंदच. बाहुली ठळक गुलाबी-लाल दिसली तर अमेल. काळी दिसली तर अमेल नाही, मग साप कितीही केशरी असो. बाहुली गडद डाळिंबी किंवा लाल वाइनच्या रंगाची चमकली तर जरा थांबा. लॅव्हेंडर आणि अल्ट्रामेल या दोन मॉर्फचे डोळे असे असतात. अल्ट्रा हा अमेलच्याच जागेवरचा दुसरा जनुक आहे. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. त्यांत एक प्रत अल्ट्राची आणि एक अमेलची आली की अल्ट्रामेल बनतो. तो हायपोसारखा दिसतो, आणि बहुतेक लोक त्याला हायपो म्हणूनच विकतात. फरक डोळ्यात असतो.

इथे वहीत एकच नोंद करा: "काळा आहे / नाही / कमी आहे. बाहुली काळी / लाल / डाळिंबी." नाव लिहायचा मोह आवरा.

टप्पा ४: लाल आणि पिवळा

आता लाल. सॅडलमध्ये लाल, केशरी किंवा विटकरी कुठे आहे का? अजिबात नसेल आणि साप काळा-राखाडी असेल तर समोर दोन मुख्य शक्यता आहेत.

अनेरीत लाल नाही, पण पिवळा आहे. मोठ्या सापाच्या हनुवटीखाली आणि मानेच्या बाजूंना पिवळा ठसठशीत दिसतो. चारकोलमध्ये लाल नाही आणि पिवळाही जवळजवळ नाही. साप धुरकट, मळक्या राखाडीकडे झुकतो, आणि सॅडलची कड अनेरीइतकी कडक काळी नसते. म्हणून राखाडी साप हातात आला की आधी हनुवटी बघा. अर्धा वाद तिथेच मिटतो.

पण एक अट आहे: साप वाढलेला हवा. पिल्लांत पिवळा रंग जन्मतः नसतो, तो महिन्यांनी उतरतो. दोन महिन्यांच्या पिल्लाची हनुवटी पांढरी आहे म्हणून त्याला चारकोल म्हणणे म्हणजे शुद्ध अंदाज.

कॅरॅमलमध्ये लाल दबतो आणि पिवळा वर येतो. मोठा झाल्यावर त्याचे अंग सांगलीच्या बाजारातल्या राजापुरी हळदीकडे झुकते, पण लहानपणी तोच साप अनेरीसारखा तपकिरी-राखाडी असतो. लॅव्हेंडर राखाडी-जांभळट आणि किंचित गुलाबी असतो. त्याची पिल्लेही अनेरी किंवा घोस्ट (हायपो अधिक अनेरी) म्हणून खपतात. तिथे डाळिंबी डोळा उपयोगी पडतो.

सावधान: लाल "कमी" आणि लाल "नाही" यांत फरक करा. मायामी म्हणून विकला जाणारा साप राखाडी जमिनीवर (सॅडलमधल्या मोकळ्या अंगाच्या रंगावर) लाल सॅडलचा असतो. जमीन राखाडी आहे म्हणून त्याला अनेरी म्हणू नका. सॅडल लाल असतील तर लाल रंग शाबूत आहे.

टप्पा ५: कमी झालेला काळा

सगळ्यांत अवघड टप्पा हा आहे, आणि इथे घाई हमखास नडते. हायपोमध्ये मेलॅनिन असते, पण कमी. सॅडलची काळी कड बारीक होते, तपकिरी होते, अंग उजळ दिसते. डोळा मात्र नेहमीसारखाच राहतो. अडचण अशी की चांगला उजळ नॉर्मल आणि मळका हायपो एकमेकांसारखे दिसू शकतात. एकटा साप बघून हायपो ठरवू नका. एकाच क्लचमधली (एका वेळी घातलेल्या अंड्यांतली), एकाच वयाची पिल्ले शेजारी-शेजारी पांढऱ्या कागदावर ठेवून बघा. त्यांत दोन गट स्पष्ट पडले तर हायपोची शक्यता खरी. सगळी पिल्ले हळूहळू उजळपासून गडदपर्यंत जात असतील तर ती नुसती नैसर्गिक विविधता आहे.

हायपोसारखेच काम करणारे वेगळे जनुकही आहेत: सनकिस्ड, लावा, डायल्यूट. दिसायला भाऊ, पण जनुक वेगळे. हायपो आणि सनकिस्ड यांची जोडी लावली तर पिल्ले दोन्हींची हेट (जनुकाची एकच, न दिसणारी प्रत असलेली) असतात, पण दिसायला नॉर्मल निघतात. "दोन्ही हायपो होते, मग पिल्ले काळी कशी?" या प्रश्नाचे उत्तर बहुधा हेच असते.

सनकिस्डच्या काही वंशांत स्टारगेझर नावाचा एक दोष लपून येतो. पिल्लू डोके आकाशाकडे वळवते, सरळ चालता येत नाही, अंग पिळवटते. सनकिस्ड घेताना आई-बाप आणि भावंडे दाखवायला सांगा. दाखवायला टाळाटाळ झाली तर साप परत ठेवा.

टप्पा ६: नक्षी, पोट आणि कूस

रंग झाले, आता रंग पूर्ण विसरा. फोटो मोबाइलमध्ये काळा-पांढरा करून बघितला तर नक्षी जास्त चटकन कळते.

पहिले बघायचे पोट. चौकटी आहेत की नाहीत? साध्या कॉर्न स्नेकच्या पोटावर चौकटी असतात. त्या गायब असतील तर डिफ्यूज्ड, मोटली किंवा स्ट्राइप यांपैकी काहीतरी आहे, आणि या तिघांना वेगळे करायला पाठ आणि कूस बघावी लागते.

डिफ्यूज्डमध्ये पाठीवर सॅडल असतात, पण कुशीवरची नक्षी ओल्या कपड्यावर शाई पसरावी तशी विरघळते. डोक्यावरची भाल्याची खूण मागे ओढल्यासारखी लांब होते. मोठेपणी लाल रंग सगळ्या अंगभर चढतो. लालभडक सापाला लोक सरसकट ब्लडरेड (लाल डिफ्यूज्डचे बाजारातले नाव) म्हणतात. रंग लाल आहे पण पोटावर चौकटी आणि कुशीवर ठळक डाग असतील, तर तो डिफ्यूज्ड नाही, नुसता लाल नॉर्मल आहे.

मोटलीमध्ये सॅडल एकमेकांना बाजूंनी जोडले जातात आणि मध्ये जमिनीच्या रंगाचे गोल किंवा लंबगोल ठिपके उरतात. पाठीकडे वरून बघितले की साखळीची भोके दिसावीत तसे. स्ट्राइपमध्ये सॅडलच नसतात. मानेपासून मागे लांब रेघा जातात. मोटली आणि स्ट्राइप एकाच जागेवरचे जनुक आहेत. एक प्रत मोटलीची आणि एक स्ट्राइपची असली तर साप बहुधा मोटलीसारखा दिसतो, आणि कधीकधी अर्धा मोटली, अर्धा रेघांचा. अशा सापाला "शुद्ध मोटली" म्हणून विकू नका, आणि कुणी विकले तर भावंडांत रेघांची पिल्ले होती का, ते विचारा.

टेसेराची गल्लत स्ट्राइपशी होते. टेसेराच्या पाठीवर मधोमध अरुंद पट्टा असतो आणि कुशीवर बारीक ठिगळांची गर्दी. स्ट्राइपची कूस मात्र रिकामी असते. म्हणून पाठीवर रेघ दिसली की लगेच बाजूने फोटो काढा. शिवाय टेसेरा प्रभावी जनुक आहे: टेसेरा पिल्लाच्या आई-बापांपैकी निदान एक टेसेरा असायलाच हवा. दोन्ही साधे असतील तर तुमचा "टेसेरा" दुसरे काहीतरी आहे.

पाल्मेटो ओळखायला मोठी विद्या लागत नाही: पांढऱ्या अंगावर तुरळक रंगीत खवले. त्याची नक्कल दुसरे कुणी फारशी करत नाही.

सावधान: मानेजवळ दोन सॅडल जुळले, मध्येच एखादी नागमोडी रेघ आली, तर त्याला लगेच नवीन मॉर्फ म्हणू नका. अंडी उबवताना तापमान चुकले तर नक्षी बिघडते. लोडशेडिंगमध्ये इन्क्युबेटर बंद पडला होता का, किंवा मे महिन्यात खोली तापली होती का, हे आधी आठवा.

टप्पा ७: वय विचारात घ्या

पिल्लू साधारण २० ते ३० सेंटिमीटरचे बाहेर येते आणि पहिल्या एक-दोन वर्षांत रंग बदलत राहते. लाल चढतो, पिवळा उतरतो, राखाडी जमीन केशरी होते. बटरची (अमेल अधिक कॅरॅमल) पिल्ले सुरुवातीला स्नोसारखी फिकट दिसतात. स्नो, ब्लिझर्ड आणि ओपल ही तिन्ही लाल डोळ्यांची फिकट पिल्ले शेजारी ठेवली तर अनुभवी माणूसही अडखळतो.

म्हणून पिल्लाच्या वहीत "आज काय दिसले" एवढेच लिहा आणि तारीख टाका. दर तीन महिन्यांनी त्याच खिडकीत, त्याच कागदावर फोटो काढा. वर्षभरात हे फोटोच उत्तर देतात.

टप्पा ८: आता बेरीज

नोंदी पूर्ण झाल्या की नाव सोपे होते. काळा नाही आणि लाल नाही, म्हणजे अमेल अधिक अनेरी: स्नो. अमेल अधिक चारकोल: ब्लिझर्ड. अमेल अधिक कॅरॅमल: बटर. अमेल अधिक लॅव्हेंडर: ओपल. हायपो अधिक अनेरी: घोस्ट. हायपो अधिक कॅरॅमल: अंबर. चारकोल अधिक डिफ्यूज्ड: प्यूटर. अनेरी अधिक डिफ्यूज्ड: ग्रॅनाइट.

व्यापारी नाव लिहिताना कंसात जनुकेही लिहायची सवय लावा. "स्नो मोटली" एवढ्याने भागत नाही. "अमेल, अनेरी, मोटली" हवे.

काही नावे जनुकांची नाहीतच. ओकीटी, मायामी, कँडीकेन, सनग्लो हे निवड करून-करून घडवलेले वंश आहेत. रुंद काळी कड दिसली म्हणून साप ओकीटी होत नाही. वंशाची माहिती नसेल तर तो रुंद कडेचा नॉर्मल.

टप्पा ९: हेट डोळ्यांनी दिसत नाही

विट्याच्या एका विक्रेत्याचे बोलणे अजून कानात आहे: "घ्या की दादा, हेट स्नो हाय, मानंवर बगा पिवळं दिसतंय." मानेवरचा पिवळा नॉर्मल सापातही असतो. वर सांगितलेले बहुतेक जनुक लपणारे आहेत. एक प्रत असली तर साप साधाच दिसतो. हेट आहे की नाही हे आई-बापांवरून आणि पिल्लांवरून कळते. अंगावरच्या खुणेवरून ते सांगणाऱ्याला जादा पैसे देऊ नका.

हिशेब असा. एक पालक अमेल असेल तर त्याचे प्रत्येक साधे पिल्लू १०० टक्के हेट अमेल. दोन्ही पालक दिसायला साधे पण हेट अमेल असतील तर सरासरी चारांत एक अमेल, आणि उरलेल्या साध्या पिल्लांपैकी प्रत्येक पिल्लू हेट असण्याची शक्यता ६६ टक्के. दोन्ही पालक अमेल आणि अनेरी या दोन्हींचे हेट असतील तर स्नो सोळांत एक. सोळा पिल्ले आली म्हणून एक स्नो येईलच असे नाही; एकही न येण्याची शक्यता ३५ टक्क्यांच्या वर आहे.

स्नो आणि ब्लिझर्डची जोडी हे याचे नामी उदाहरण. दोन पांढरे साप एकत्र आणले आणि सगळी पिल्ले केशरी-लाल निघाली, म्हणून लोक अंडी बदलली असे समजतात. काहीच बदललेले नसते. अमेल दोघांकडून आला म्हणून काळा गेला. पण अनेरी एकाकडून आणि चारकोल दुसऱ्याकडून, दोन्ही एकेरी, म्हणून लाल परत आला. ती पिल्ले अमेल आहेत, अनेरी आणि चारकोलची हेट.

शंका मिटवायची असेल तर शंकेचा साप अमेलबरोबर जोडा. एक जरी अमेल पिल्लू निघाले तरी तो हेट, वाद संपला. तो खरोखर हेट असताना सलग सात पिल्ले साधी निघण्याची शक्यता १२८ मध्ये एक. मात्र एवढ्यासाठी जोडी लावण्याआधी येणाऱ्या पिल्लांना घरे आहेत का, ते बघा. आणि मादी पूर्ण वाढलेली, अंगाने भरलेली असल्याशिवाय तिला अंड्यावर घालू नका.

टप्पा १०: नोंद कशी लिहायची

प्रत्येक सापाला एक पान द्या आणि तीन रकाने पाडा: दिसते ते, कागदावरून कळते ते, आणि शंका. नमुन्यासाठी एक पान असे:

दिसते: बाहुली लाल, काळा नाही, सॅडल केशरी, पाठीवर लंबगोल ठिपके, पोट कोरे. म्हणजे अमेल मोटली.
कागदावरून: आई स्नो, म्हणून अनेरीचा १०० टक्के हेट. बाप हेट कॅरॅमल, म्हणून कॅरॅमलची ५० टक्के शक्यता.
शंका: भावंडांत दोन रेघांची पिल्ले होती, त्यामुळे मोटलीखाली स्ट्राइप असू शकतो. पहिल्या क्लचनंतर बघणे.

साप दुसऱ्याच्या हाती देताना हे पान सोबत द्या, शंकेच्या रकान्यासकट.